छोट्या ट्रेलरच्या फ्रेमवर घरी बनवलेली कॅम्पर बॉडी पक्की कशी करायची?

नवा_गडी
नमस्कार मंडळी. सामान वाहायचा एका ॲक्सलचा छोटा ट्रेलर आहे. त्यावर प्लायवुडची कॅम्पर बॉडी चढवायची आहे. आधी मापं देतो, म्हणजे उत्तरं मोघम यायची नाहीत.

फ्रेम ८ फूट बाय ५ फूट (२४४० × १५२५ मिमी). बाजूचे दोन मेन ७५ × ४० चे बॉक्स पाइप, ३ मिमी जाड. आडवे ५, ५० × ५० × ३ चे, ६१० मिमीवर एकेक. मेन आणि आडवे वरून एका पातळीत. खाली पाटे (लीफ स्प्रिंग), ॲक्सल फ्रेमच्या पुढच्या टोकापासून १४५० मिमीवर. कपलिंग (गाडीला जोडायचं टोक) फ्रेमच्या पुढे ११०० मिमी. बॉडीचा फ्लोर १८ मिमी मरीन प्लाय, भिंती १२ मिमी, भिंतीच्या तळाशी आतून दोन इंच रुंद, दीड इंच उंच लाकडी पट्टी. बॉडीचं वजन अंदाजे ३०० किलो, ट्रेलर मुलुंडला उघड्यावर उभा राहणार.

बोल्ट किती, केवढे आणि कुठे? बॉडी आणि फ्रेमच्या मध्ये रबर की पीयू (पॉलियुरेथेन सीलंट)? फॅब्रिकेटर म्हणतोय, "बोल्ट कशाला, फ्लोरखाली अँगलची रिंग करून फ्रेमला वेल्ड मारून देतो, जन्मात हलणार नाही."

टाकेमार
जन्मात हलणार नाही, हाच त्यातला घोटाळा. प्लायची पेटी ही फ्रेमपेक्षा ताठ असते. चाक खड्ड्यात गेलं की फ्रेम पिळवटते, पेटी पिळवटत नाही. मग ती पीळ वेल्डच्या टोकाशी येऊन थांबते आणि तिथून चीर सुरू होते. शिवाय दोन-तीन पावसाळ्यांनंतर फ्रेम घासून रंगवायची झाली तर बॉडी उतरवणार कशी? ग्राइंडरने कापून?

वेल्डिंग कराच, पण बॉडीला नको. बॉडी धरणारे कान वेल्ड करा. ५० × ५० × ५ चा अँगल घ्या, ६० मिमीचे तुकडे पाडा. तुकड्याची उभी बाजू आडव्याच्या कुशीला लावायची, सपाट बाजू वर. वरून सरळ पट्टी ठेवून कान आणि आडवा एका पातळीत आहेत ना ते बघा. कान अर्धा मिमी खाली चालेल, वर नको. सपाट बाजूत कोपऱ्यापासून ३० मिमीवर ११ मिमीचं भोक, तेही वेल्ड करण्याआधी, बाकावर पाडून घ्या. वेल्ड दोन्ही उभ्या कडांना आणि खालच्या कडेला. वरच्या कडेला टाका मारू नका, तो उंच राहतो, मग घासत बसावं लागतं.

आडव्याच्या बॉक्सला आरपार भोक का नाही? एक तर बोल्ट आवळला की ३ मिमीची भिंत आत बसते, बोल्ट कधीच घट्ट होत नाही. तो आवळायचाच असेल तर आत ५० मिमी लांबीची जाड नळी घालून दोन्ही बाजूंना वेल्ड करावी लागते. दुसरं म्हणजे पाणी. भोकातून आत गेलेलं पाणी बॉक्समधून बाहेर येत नाही, आणि आतून सडलेला बॉक्स बाहेरून नव्यासारखा दिसतो.

मेनला तर हातच लावू नका. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ मेनच्या वरच्या आणि खालच्या भिंतीवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथे आडवा वेल्ड किंवा भोक म्हणजे तड्याला आमंत्रण.

गणिताची_वही
टाकेमार यांच्याशी सहमत. बोल्टाच्या मापावर नेहमी वाद होतो, म्हणून आकडे मांडते.

३०० किलोची बॉडी, करकचून ब्रेक, पूर्ण १ जी (बॉडीच्या वजनाइतका जोर) धरला तरी पुढे ढकलणारा जोर सुमारे ३ किलोन्यूटन. एम१० (१० मिमी व्यासाचा), ८.८ ताकदीच्या ग्रेडचा एकच बोल्ट ३० किलोन्यूटनपेक्षा जास्त ताण सहज झेलतो. म्हणजे बोल्ट तुटायचा प्रश्नच येत नाही. एम८ घेतला तरी येत नाही. तुटतं ते बोल्टाखालचं लाकूड.

एम१० पूर्ण आवळला (लोखंडावर लोखंड असताना ४९ न्यूटन-मीटर) तर बोल्टात सुमारे २४.५ किलोन्यूटन ताण येतो. साध्या वायसरचा बाहेरचा व्यास २० मिमी, क्षेत्रफळ जेमतेम २२७ चौरस मिमी. म्हणजे लाकडावर दर चौरस मिमीला १०८ न्यूटन. प्लाय आडव्या दाबाला याच्या आसपासही टिकत नाही, वायसर सरळ आत रुतते. ६० × ६० × ४ ची लोखंडी पाटी घातली की क्षेत्रफळ ३५०० च्या घरात जातं आणि तोच दाब ७ वर येतो. तोही जास्तच. म्हणून आवळणंच कमी करायचं: १५ न्यूटन-मीटर. ताण ७.५ किलोन्यूटन, पाटीखालचा दाब २ च्या थोडा वर. लाकूड हे वर्षानुवर्षं सहन करतं.

१० बोल्ट धरले तर एकूण चिमटा ७५ किलोन्यूटन. रबर-रंगाच्या पृष्ठभागावर घर्षण अगदी ०.२ धरलं तरी १५ किलोन्यूटन पकड. लागतात ३. लाकूड हळूहळू दबून निम्मा ताण उतरला तरी भागतं.

टॉर्क पाना नसेल तर २०० मिमी लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेसात किलोचा जोर म्हणजे १५ न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गन मात्र कोणाला जवळ आणू देऊ नका.

नवा_गडी
ताई, मग प्रत्येक आडव्याच्या दोन्ही टोकांना एकेक, असे १० बोल्ट एम१० × ५०. पाटी ४, प्लाय १८, रबर ३, कान ५, वायसर २, नट १०, बेरीज ४२. वर तीन आटे. बरोबर ना?

सूतभर
दोन चुका आहेत, पण त्याआधी प्लायकडे या.

पाच फुटी रुंदीला चार फुटी शीट पुरत नाही, जोड येणारच. सोपा मार्ग असा: दोन शीट घ्या, दोन्हीतून ५ × ४ चे तुकडे काढा आणि ट्रेलरवर आडवे टाका. जोड बरोबर ४ फुटांवर, म्हणजे १२२० मिमीवर येतो, तुमच्या मधल्या आडव्याच्या डोक्यावर. प्रत्येक तुकड्याला २५ मिमी बैठक मिळते. उरलेल्या ३ × ४ च्या दोन तुकड्यांत दार किंवा ओटा निघेल.

यात एक खोट आहे. ८ × ४ च्या शीटच्या वरच्या थराचा रेषा (लाकडाच्या तंतूंची दिशा) आठ फुटी बाजूने धावतो. अशी आडवी टाकली की रेषा तुमच्या आडव्यांना समांतर जातो, आणि प्लाय त्या दिशेला जास्त वाकतं. १२ मिमी असतं तर नको म्हणालो असतो. १८ मिमीला ६१० च्या गाळ्यात चालून जातं. उलट पद्धतीने, म्हणजे पूर्ण शीट लांबीत आणि बाजूला एक फुटी पट्टी टाकली, तर रेषा बरोबर बसतो, पण जोडाखाली लांबीत आधार नाही. तिथे वेगळा बॉक्स पाइप घालावा लागेल. इतका खटाटोप नको.

जोड मधल्या आडव्यावर आला, म्हणजे पहिली चूक कळली असेल. तिथे एकाच बाजूला कान असेल तर एकच तुकडा धरला जाईल. मधल्या आडव्याला दोन्ही कुशींना कान हवेत. १० नाही, १२ बोल्ट.

दुसरी चूक मोठी आहे. बोल्ट फ्लोर धरतात, बॉडी नाही. भिंत फ्लोरला नुसती स्क्रूवर असेल तर फ्लोर ट्रेलरवर राहील आणि भिंती-छप्पर वळणावर उतरायला बघतील. म्हणून बोल्ट भिंतीच्या तळपट्टीतूनच खाली गेला पाहिजे. आता तुमची तळपट्टी दोन इंच रुंद, आणि तिच्याखाली ४० मिमीचा मेन. पट्टीच्या मधोमध बोल्ट घ्याल तर तो थेट मेनवर आपटेल. नट फिरवायला जागा धरली तर बोल्ट कडेपासून ६५ मिमी आत लागतो. तेव्हा तळपट्टी चार इंच रुंद घ्या, दीड इंच जाडी तीच, आडवी झोपवून. ६० ची पाटी ३५ ते ९५ मिमीमध्ये बसते, पट्टीबाहेर डोकावत नाही.

भिंत फ्लोरच्या कडेबाहेरून खाली उतरवा, फ्लोरच्या तळापेक्षा २०-२५ मिमी खाली. घराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढतात, तसंच हे. कड नसेल तर भिंतीवरून आलेलं पाणी वळून फ्लोरच्या पोटाला चिकटून आत सरकतं. भिंत तळपट्टीला आणि फ्लोरच्या कडेला इपॉक्सीने (दोन भाग कालवून कडक होणारा गोंद) चिकटवा, वर ५ × ५० चे स्टेनलेस स्क्रू, दर १५० मिमीवर एक.

गणिताची_वही
सूतभर बरोबर आहेत, तळपट्टी माझ्या हिशोबात नव्हती. मग बोल्टाची लांबी बदलली: ४ + ३८ + १८ + ३ + ५ + २ + १० = ८०, तीन आट्यांचे साडेचार मिळवून ८४.५. एम१० × ९० घ्या. ५० चे घेतले असते तर नटापर्यंत पोचलेच नसते. पाटीखालचा दाब तोच राहतो.

पाटे_पाना
रबर की पीयू? मी रबर म्हणेन. पीयूने चिकटवलेली बॉडी उतरवायला तार ओढत कापावं लागतं, आणि तोपर्यंत प्लायचा वरचा थर सोलून निघतो.

ईपीडीएम रबराची ३ मिमी जाड, ५० मिमी रुंद पट्टी सगळ्या आडव्यांवर आणि दोन्ही मेनवर. आडव्यांचे साडेसात मीटर, मेनचे पाच, एकूण साडेबारा. १४ मीटर आणा. कानाच्या डोक्यावर वेगळा तुकडा टाका, नाहीतर तिथे ३ मिमीची फट राहील आणि बोल्ट आवळताना प्लाय खाली वाकेल. स्पंज असलेलं रबर, फेल्ट, कार्पेटचे तुकडे, यांतलं काही नको. पाणी धरून ठेवतात, आणि फ्रेमला पोटाशी ओलं फडकं बांधल्यासारखं होतं.

अपवाद फक्त मधल्या आडव्याचा. तिथे प्लायचा जोड आहे, रबराऐवजी पीयू टाका, जाडी ३ मिमीच ठेवा. दोन्ही तुकड्यांच्या कडा जोडात पूर्ण चिकटलेल्या हव्यात.

रिव्हेटराणी
ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चालतील का? कुर्ल्याला सीएसटी रोडवर पंक्चरवाल्यांकडे ढिगाने असतात.

पाटे_पाना
चालतात. ट्यूब ब्युटाइल रबराची असते, पाणी आणि हवा दोन्ही अडवते. फक्त जाडी सारखी नसते, म्हणून एकाच ट्यूबमधून सगळ्या पट्ट्या कापा आणि दोन थर टाका. व्हॉल्व्हजवळचा जाड भाग सोडा, आणि आतली पावडर धुऊन काढा.

दर्यावर्दी
आता पाण्याचा विषय, तो इथे पाहुण्यासारखा आलाय आणि खरं तर यजमान आहे. मुंबईत जून ते सप्टेंबरात दोन हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो. उरलेले आठ महिने खारा वारा. लाकडी बॉडीचा शेवट बहुतेक वेळा बोल्टाच्या भोकापासून सुरू होतो, कारण भोकात प्लायच्या सगळ्या थरांची तोंडं उघडी असतात.

होड्यांत करतात तसं करा. आधी तळपट्टी फ्लोरला इपॉक्सीने चिकटवून घ्या, सुकू द्या. मग बोल्टाच्या जागी ११ नव्हे, १८ मिमीचं भोक पट्टी आणि प्लाय दोन्हीतून पाडा. खालून चिकटपट्टी लावून तोंड बंद करा. आतल्या कडांना आधी पातळ इपॉक्सी ब्रशने पाजा, मग भरड (फिलर पावडर) टाकून घट्ट केलेली इपॉक्सी ओता. पूर्ण कडक झाल्यावर मधोमध ११ मिमीचं भोक. बोल्टाभोवती साडेतीन मिमीची काचेसारखी नळी तयार होते. पाणी लाकडापर्यंत पोचत नाही, आणि वरून ती दाबही झेलते.

मुंबईच्या उकाड्यात इपॉक्सी एकदम जास्त कालवू नका. कपात खोल राहिली की स्वतःच्या उष्णतेनेच उकळून धूर सोडते. शंभर-दीडशे ग्रॅमचे छोटे घाणे करा, पसरट भांड्यात. दमट हवेत सुकल्यावर वर चिकट तेलकट थर येतो, तो पाणी आणि घासणीने धुवा, मगच पुढचा हात. नुसतं सँडपेपरने घासलंत तर तोच थर आत चोळला जातो.

प्लायच्या सगळ्या कडांना इपॉक्सीचे तीन हात, तळाला दोन. तळाला ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकायचा मोह होतो, टाळा. वरून एक थेंब जरी आत गेला तरी पत्रा त्याला सुकू देत नाही.

सीलंट घेताना नाकाने घ्या. सिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन लोखंडाजवळ नको, त्याचं आम्ल गंज वाढवतं, आणि त्यावर पुढे कोणताच रंग धरत नाही. पीयू घ्या. ३०० मिलीची एक नळी ६ × ६ मिमीच्या रेघेला सव्वाआठ मीटर पुरते. मधला जोड, बारा पाट्यांचे तळ आणि भिंतीच्या आतल्या कडा धरून तीन नळ्या आणा. पीयू हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं, पावसाळ्यात उलट लवकर सुकतं. पण पृष्ठभाग ओला असेल तर धरत नाही. हा फरक ध्यानात घ्या.

टाकेमार
बोल्ट कोणत्या धातूचे तेही सांगा दर्यावर्दी, नाहीतर हा पिवळे झिंकवाले घेऊन येईल.

दर्यावर्दी
पिवळं-पांढरं झिंक प्लेटिंग एका पावसाळ्यात जातं. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड चालतात, पण नट त्याच बोल्टाबरोबरचे घ्यायचे. जस्ताच्या जाड थरामुळे त्यांचे आटे मोठे कापलेले असतात, साधा नट चढत नाही. माझी पसंती स्टेनलेस ३०४, ए२-७० लिहिलेले. समुद्राला अगदी खेटून राहत असाल तर ३१६. ताकद ८.८ पेक्षा कमी, पण वरच्या हिशोबाप्रमाणे ताकद आपल्याला इथे अडवतच नाही.

स्टेनलेसची एक वाईट खोड आहे: कोरडा आणि भराभर आवळला तर आटे एकमेकांत चिकटतात, मग नट ना पुढे ना मागे, बोल्ट कापावाच लागतो. आट्यांना अँटी-सीझ किंवा किमान ग्रीस लावा आणि हाताने, सावकाश. वंगण लावल्यावर १५ ऐवजी १२ न्यूटन-मीटर पुरे. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) असेल तर तो नुसता फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढा वर मिळवा. लाकडावर स्प्रिंग वायसर घालून काही साधत नाही.

लोखंडाच्या मोठ्या कानात स्टेनलेसचा छोटा बोल्ट चालतो. उलट जोडी घातक: लोखंडाच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट. खाऱ्या हवेत रिव्हेट आधी पांढरे होतात आणि मग नाहीसे.

रिव्हेटराणी
बॉडी ॲल्युमिनियम सेक्शन आणि एसीपीची (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली शीट) असेल तर यात काय बदलतं?

गणिताची_वही
दोन गोष्टी. एसीपीवर बोल्ट कधीच आवळायचा नाही, मधलं प्लास्टिक दबत राहतं. बोल्ट सेक्शनमधून जायला हवा, आणि पोकळ सेक्शनच्या आत नळी हवीच. दुसरं, ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ३ मीटर लांबीत, ४० अंशांच्या फरकाला सुमारे १.३ मिमी. छताला उन्हात हात लावून बघा म्हणजे ४० अंश जास्त वाटणार नाहीत. मधल्या आडव्यावरची भोकं नेमकी ठेवा, पुढच्या-मागच्या टोकांची लांबीच्या दिशेने ३-४ मिमी लांबट करा. दोन धातूंमध्ये रबर किंवा नायलॉनची वायसर, बोल्टाभोवती प्लास्टिकची नळी.

आणखी एक: रबरामुळे बॉडी फ्रेमपासून विजेच्या दृष्टीने तुटते. दिव्यांचं अर्थिंग फ्रेमवर सोडून देऊ नका, वेगळी वायर ओढा. हे प्लायलाही लागू आहे.

आरटीओ_वारी
रंगाचा भंग करतो, पण भोक पाडण्याआधी हे वाचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(४६) प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी असते. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ(४) खाली अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय आणि एकूण वजन किती, ते आधी बघा. टी-१ वर्ग म्हणजे भरलेलं एकूण वजन ७५० किलोपर्यंत. बॉडी ३००, फ्रेम-चाकं दीड-दोनशे, आत गादी, पाणी, गॅस, सामान. ७५० दिसतात तितके दूर नाहीत. रेखाटन आणि वजनाचा तक्ता घेऊन आपल्या आरटीओत आधी लेखी विचारा. मुलुंडकरांसाठी ते वडाळा, एमएच-०३.

आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही. लहान मूल झोपलंय, दहा मिनिटांचाच रस्ता आहे, काहीही असो.

पाटे_पाना
वजनावरून आठवलं, जागा ठरवल्याशिवाय एकही भोक पाडू नका. बॉडी फ्रेमवर नुसती ठेवा, आत जे सामान कायम राहणार ते त्याच जागी ठेवा, आणि कपलिंगवर किती वजन येतं ते मोजा. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के हवं. ५५० किलोचा ट्रेलर असेल तर ४० ते ५५ किलो. कमी असेल तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, जास्त असेल तर गाडीचं मागचं बूड बसतं. गाडीच्या हिचची (ट्रेलर अडकवायच्या हुकाची) मर्यादा गाडीच्या पुस्तकात बघा.

मोजायला वजनकाट्यावर जायची गरज नाही, तिथला काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्यांत दाखवतो. घरातला वजनाचा काटा जमिनीवर ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर कपलिंग. उंची गाडीच्या हिचइतकी असावी आणि ट्रेलर पाणसळीत. चाकांना अडणी लावायला विसरू नका.

तुमच्या मापात कपलिंग ते ॲक्सल २५५० मिमी. ३०० किलोची बॉडी १०० मिमी पुढे सरकवली की नाकावर, म्हणजे कपलिंगवर, सुमारे १२ किलो वाढतात. तुमची बॉडी फ्रेमएवढीच आहे, सरकायला जागा नाही, म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरीची जागा याच वेळी ठरवा. ती ॲक्सलच्या किंचित पुढे.

आणि टायर वर उचलला गेल्यावर बॉडीला किंवा मडगार्डला लागत नाही ना ते बघा. पूर्ण दबल्यावरही ७५ मिमी मोकळे हवेत.

नवा_गडी
बरंच स्पष्ट झालं. क्रम असा लावतो: कान वेल्ड, घासून प्रायमर आणि रंग, फ्लोर-तळपट्टी-भिंती इपॉक्सीने, बॉडी ठेवून नाकाचं वजन, मग भोकं. भोकं वरून पाडू की खालून?

टाकेमार
क्रम बरोबर. वेल्डिंग सगळं प्लाय यायच्या आधी संपलंच पाहिजे. ठिणगी प्लायच्या फटीत तासभर धुमसते, आपण तोवर चहा पिऊन परत येतो. कानांच्या वेल्डवरची काळी खपली काढून मगच प्रायमर, खपलीसकट रंगवलं तर रंग खपलीबरोबर निघतो.

भोकं खालून. बॉडी ठेवल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ८ × ५ ला कर्ण २८७७ मिमी यायला हवा, दोन्ही कर्णांत ३-४ मिमीपेक्षा जास्त फरक नको. बाजूला क्लॅम्प लावून हलणार नाही असं करा. मग कानाच्या ११ मिमीच्या भोकातून खालून ५ मिमीचं ड्रिल, भोकाच्या मधोमध, काटकोनात. बाराही जागा अशा वरती आल्या की बॉडी उचला, वरून दर्यावर्दींची १८ मिमीची भोकं, इपॉक्सी, मग ११ चं. बॉडी उचलायला भरपूर माणसं लागतात, आणि जमिनीवर टेकवताना कड आपटू देऊ नका.

परत ठेवताना रबर-पीयू टाकायचं, बोल्ट वरून घालायचे, पाटीच्या तळाला पीयू चोपडून. आधी बाराही नट हाताने. मग मधल्या आडव्यापासून सुरू करून समोरासमोरचे, पुढे-मागे, ५ न्यूटन-मीटरवर एक फेरी. दुसरी फेरी पूर्ण. एकदम एका टोकाकडून आवळत गेलात तर पीयू दुसऱ्या टोकाला ढकललं जातं आणि बॉडीही सरकते.

सूतभर
खरेदीचं सांगतो. नट-बोल्ट मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर. दुकानात "तीन सुती बोल्ट" म्हणू नका. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, साडेनऊ मिमी, इंची आटे. तो बोल्ट तुमच्या ११ च्या भोकात जाईल, पण एम१० चा नट त्यावर बसणार नाही, आणि हे घरी आल्यावर कळतं. "एमटेन, दीड पिच, नव्वद लांब, थ्री-नॉट-फोर" असं सांगा आणि दुकानातच एक नट चढवून बघा. आटा बोल्टाच्या टोकापासून किती आलाय तेही बघा, काही बोल्ट अर्धेच आट्याचे असतात. तुम्हाला खालचे २० मिमी पुरतात.

अँगल आणि पाट्या कर्नाक बंदरच्या लोखंड बाजारात किंवा दारूखान्यात. तुकडेच हवेत, अख्खी लांबी घ्यायची गरज नाही: अँगल ७२० मिमी लागतो, कापण्याची घट धरून एक मीटर. ६० × ४ ची पट्टीही तेवढीच. पाट्यांचे कोपरे घासून गोल करा, नाहीतर रात्री पायाला समजतं. प्लायवर आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) चा शिक्का बघा, आणि कापलेल्या कडेला पोकळ्या दिसल्या तर ती शीट परत करा, शिक्का असला तरी.

पाटे_पाना
शेवटचं, तपासणीचं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर बाराही नट बघा, मग २०० नंतर, मग दर पावसाळ्यानंतर. पहिल्या वेळी सगळेच थोडे सैल मिळतील, घाबरू नका, लाकूड बसतंय. तिसऱ्या वेळीही एखादा सैल मिळाला तर तो नुसता आवळू नका, पाटी काढून खालचं लाकूड बघा. काळं पडलं असेल तर पाणी शिरलंय. आवळून झालेल्या नटावर आणि कानावर मिळून ऑइल पेंटची एक उभी रेघ मारा, खाली वाकून नुसतं बघितलं तरी कोण फिरलाय ते कळतं. नायलॉक एकदा काढला की नवा घाला.

नवा_गडी
बारा बोल्ट, बारा नट, बारा पाट्या. यादी झाली.

टाकेमार
बोल्ट चौदा आणि नट वीस घ्या. एमटेन नव्वद स्टेनलेस कशेडी घाटातल्या गॅरेजात मागितलात तर तो तुमच्याकडे बघत राहील.